ढग दाटून येऊ द्या!

जालना म्हणजे स्टीलचं गाव. रोलिंग मिल्स अन् टीएमटी सळया. पण कुठली सळई कुठल्या कॉलममध्ये जाणार, हे ठरतं ऑटोकॅडमधल्या ड्रॉइंगवर. आणि ड्रॉइंग सारखं बदलतं, बॉस!

तिथला एक फंडा मला जाम आवडतो. बदल केलात ना, मग तो लपवायचा नाही. ‘रेव्हक्लाउड’ कमांड देऊन त्याभोवती चक्क ढग काढायचा, शेजारी त्रिकोणात रिव्हिजन नंबर टाकायचा आणि कोपऱ्यातल्या तक्त्यात लिहायचं: तारीख, काय बदललं, कुणी केलं, कुणी तपासलं.

१२ मिलिमीटरची सळई १६ची झाली, तर वजन मीटरमागे ०.८९ किलोवरून १.५८ किलोवर जातं. ढगच नसेल, तर एवढासा आकडा कुणाला दिसणार? आणि साइटवर जुनी प्रिंट राहिली, तर फिटर तीच बघून सळई बांधणार.

१९८१मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले टांगते पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यातल्या एका सलग दांड्याऐवजी दोन दांडे लावले होते. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल शॉप ड्रॉइंगमध्ये होता, पण नव्या जोडाचा हिशेब कुणीच केला नव्हता.

म्हणजे नुसता ढग पुरत नाही. तो विचारतो, ‘पुन्हा तपासलंस का?’

आपल्या ऑफिसात मात्र ‘फायनल’, ‘न्यू फायनल’, ‘फायनल फायनल’ अशा फाइल्स फिरतात. सेंड दाबण्याआधी सांगा तरी, नेमकं काय बदललंय!