पाळतीचा नफा कोणाच्या पदरात?

हॉटेलच्या धंद्यात प्रतिस्पर्ध्याची बित्तंबातमी राखणे ही आता स्वतंत्र व्यवस्थापनविद्या मानली जाते. शेजारच्या हॉटेलाचा आजचा दर काय, तेथे किती खोल्या भरल्या, कोणत्या कंपन्यांची माणसे उतरतात, हे ज्याला अगोदर कळते त्याचा धंदा वाढतो, असे या विद्येचे प्रतिपादन आहे. ते खोटे नाही. परंतु अर्धेच खरे आहे. नफा वाढतो हे सांगितले जाते, तो कोणत्या मार्गाने वाढतो हे मात्र विचारले जात नाही.

या धंद्याची अर्थरचना प्रथम लक्षात घ्यावयास हवी. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. इमारत, कर्जावरील व्याज, कायम नोकरांचे पगार हा खर्च खोली भरो वा न भरो, चालूच राहतो. एका जादा पाहुण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो. त्यामुळे मंदीच्या दिवसांत दर उतरवून खोली भरण्याचा मोह प्रत्येक मालकाला होतो. शेजारी आपल्या आधी दर उतरवील की काय, ही धास्ती त्या मोहाला खतपाणी घालते. ग्राहकाचे खरे संरक्षण या धास्तीतच आहे.

ही धास्ती घालविण्याचे साधन म्हणजे माहिती. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेली स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च ही संस्था हॉटेलांकडून आकडे घेते आणि ज्याने त्याने निवडलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या गटाची सरासरी त्याला पुरविते. समजा, एका हॉटेलात शंभर खोल्या आहेत. सत्तर भरल्या आणि सरासरी दर ५,००० रुपये पडला. उपलब्ध खोलीमागे उत्पन्न झाले ३,५०० रुपये. गटाची सरासरी ४,००० असेल, तर या हॉटेलाचा निर्देशांक ८७.५. व्यवस्थापकाला आपली उणीव कळते, तो सेवा सुधारतो. येथवर आक्षेपार्ह काही नाही. प्रतिस्पर्ध्याचे दरपत्रक वाचणे, त्याच्या पाहुण्यांच्या तक्रारी अभ्यासणे, हाही निकोप स्पर्धेचाच भाग होय.

परंतु पुढची पायरी निसरडी आहे. २००९ साली स्टारवुड कंपनीने हिल्टनवर अमेरिकेत फिर्याद लावली. आपल्याकडून हिल्टनकडे गेलेल्या अधिकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक दस्तऐवज नेले, असा तिचा आरोप होता. डिसेंबर २०१० मध्ये तडजोड झाली. हिल्टनने साडेसात कोटी डॉलर मोजले आणि तशा धर्तीची नवी हॉटेलमालिका दोन वर्षे न काढण्याचे बंधन स्वीकारले. २०१६ साली स्टारवुडच मॅरियटच्या पोटात गेली. बड्या भांडवलाच्या या भांडणात सामान्य प्रवाशाचे काही बिघडले नसेल. पण चोरीपेक्षा देवाणघेवाण अधिक घातक असते.

पॅरिसमधील क्रियॉं, ब्रिस्टल, मरीस, प्लाझा आतेने, रिट्झ आणि जॉर्ज सँक या सहा आलिशान हॉटेलांनी खोल्या भरण्याचे प्रमाण, सरासरी दर आणि खोलीमागील उत्पन्न यांचे गोपनीय आकडे परस्परांना नियमित कळविले. नोव्हेंबर २००५ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा परिषदेने त्यांना एकूण ७ लाख ९ हजार युरोंचा दंड केला. ही देवाणघेवाणच स्पर्धेला मारक ठरली. यातील तर्क साधा आहे. जी माहिती सर्वांपाशी आहे, तिच्यामुळे कोणा एकाला आघाडी मिळू शकत नाही. मग सर्वांचाच नफा वाढत असेल, तर तो ग्राहकाच्या खिशातून येतो, हे उघड आहे.

आज हेच काम दर सुचविणारी संगणकप्रणाली करू शकते. लास व्हेगासमधील हॉटेलांविरुद्धची अशी फिर्याद अमेरिकन अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळली. एकच प्रणाली अनेकांनी विकत घेणे म्हणजे संगनमत नव्हे, असे न्यायालयाने मानले. गोपनीय आकड्यांच्या देवाणघेवाणीचा मुद्दा तेथे उरला नव्हता. म्हणजे कळीचा प्रश्न पुन्हा आकड्यांच्या मालकीचाच.

भारतात ती मालकी आरक्षण करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांकडे सरकत आहे. महाबळेश्वरचा वा मालवणचा छोटा हॉटेलमालक आपल्या खोल्यांचा हिशेब त्यांच्या स्वाधीन करतो. साऱ्या गावाचा हिशेब दिसतो तो मध्यस्थाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड केला. हॉटेलाने अन्यत्र कमी दराने खोली विकू नये, ही अट आयोगाने आक्षेपार्ह ठरविली. त्याविरुद्ध अपिले झाली. पण प्रश्न अपिलाने मिटणारा नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने, स्वतः त्या धंद्यात नसलेला मध्यस्थही संगनमतात जबाबदार धरता येतो. या तरतुदीचा वापर आयोगाने तक्रारीची वाट न पाहता करावा. एकत्रित व जुने आकडे सर्वांना खुले असावेत. ताजे व वैयक्तिक आकडे प्रतिस्पर्ध्यांमध्ये फिरू नयेत. छोट्या मालकांनी सहकारी आरक्षणव्यवस्था उभारावी. आणि दिवाळीत तिप्पट दराने गेलेली खोली झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराला, मजुरीच्या वाटाघाटीत, त्या हॉटेलाचे उत्पन्न जाणून घेण्याचा हक्क असावा. मालकांना परस्परांचे हिशेब ठाऊक आणि राबणाऱ्याला आपल्याच हॉटेलाचा नाही, या विषमतेला व्यवसायचातुर्य म्हणता येत नाही.