विश्लेषण : बेटासाठी बोट हाच रस्ता, मग तिच्या वेळापत्रकात ग्रामपंचायत कुठे?

गेटवे ऑफ इंडियापासून सागरी मार्गाने साधारण १० किलोमीटरवर असलेले घारापुरी बेट जगाला ‘एलिफंटा’ म्हणून माहीत आहे. येथील लेण्यांना १९८७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मात्र शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांमध्ये राहणाऱ्या सुमारे १,२०० रहिवाशांसाठी घारापुरी हे पर्यटनस्थळ नाही, गाव आहे. या गावाला ग्रामपंचायत आहे, पण गावात येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी कधी सुटणार, कितीला नेणार आणि कधी थांबणार, हे ग्रामपंचायत ठरवत नाही. हा प्रश्न केवळ घारापुरीचा नाही. बेटावर राहणाऱ्यांचा प्रवास कोणाच्या सोयीने चालतो, हे त्यातून कळते.

घारापुरीची अडचण नेमकी काय?

गेटवेहून सुटणाऱ्या बोटी पर्यटकांसाठी आहेत. सकाळी नऊच्या सुमारास पहिली बोट, सायंकाळी साडेपाचच्या आसपास बेटावरून परतीची शेवटची बोट आणि एका बाजूचा प्रवास सुमारे एक तासाचा. लेणी पाहायला येणाऱ्यासाठी ही वेळ पुरेशी आहे. पण मुंबईत संध्याकाळी सहाला कामावरून सुटणाऱ्या बेटावरच्या माणसाला त्याच दिवशी घरी पोहोचण्यासाठी ती उपयोगाची नाही.

सोमवारी तर चित्र आणखी स्पष्ट होते. सोमवारी लेणी बंद असतात. लेणी बंद म्हणून पर्यटक नाहीत आणि पर्यटक नाहीत म्हणून गेटवेच्या नेहमीच्या फेऱ्या नाहीत. सरकारी कार्यालये, महाविद्यालये आणि रुग्णालये मात्र सोमवारी सुरूच असतात. गावाचा मार्ग आठवड्यातून एक दिवस बंद राहतो आणि त्याचे कारण गावाशी संबंधित नसते.

रात्रीची स्थिती याहून बिकट आहे. शेवटची बोट गेल्यानंतर एखाद्याची प्रकृती बिघडली, तर खासगी होडीची जुळवाजुळव करावी लागते. त्यात भरती-ओहोटी, वारा आणि पावसाळा यांची भर. तंत्रज्ञानाच्या भाषेत याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. म्हणजे सगळी यंत्रणा एकाच दुव्यावर उभी असते आणि तो तुटला की पर्याय उरत नाही. सर्व्हरला बॅकअप ठेवला जातो. १,२०० लोकांच्या गावाला मात्र बॅकअप नाही.

बोटींवर नियंत्रण कोणाचे?

घारापुरी महसुली नकाशावर रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. तालुक्याचे ठिकाण उरण, जिल्ह्याचे अलिबाग. पण पर्यटकांची मुख्य बोटवाहतूक मुंबईशी जोडलेली. गेटवेच्या बोटी खासगी मालकांच्या आहेत. जलवाहतुकीचे परवाने आणि नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मुंबई बंदराच्या हद्दीतील कारभार मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, तर लेण्यांच्या वेळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे. एका बोटफेरीमागे इतकी कार्यालये आहेत. रहिवाशाची तक्रार मात्र पहिल्यांदा सरपंचाकडे जाते, कारण गावात दार ठोठावता येईल असे तेच एक ठिकाण आहे.

म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याला रहिवाशांना उत्तर द्यावे लागत नाही आणि ज्याला उत्तर द्यावे लागते, त्याच्याकडे अधिकार नाही.

राज्यघटना काय सांगते?

७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तिच्यात आहेत. त्यातील १३वा विषय रस्ते, मोऱ्या, पूल, फेरी, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधने असा आहे. म्हणजे घटनाकारांच्या पुढच्या पिढीने फेरीबोट रस्त्याच्या आणि पुलाच्या पंक्तीतच बसवली आहे.

मग अडते कुठे? योगायोगाने राज्य सूचीतील १३व्या नोंदीतही रस्ते, पूल आणि फेरी हेच विषय आहेत. त्यामुळे मूळ अधिकार राज्याचा. कलम २४३-जी नुसार राज्य विधिमंडळ कायदा करून हे अधिकार पंचायतींना देऊ ‘शकते’. ते दिलेच पाहिजेत, असे बंधन नाही. या एका शब्दामुळे फेरीचा विषय पंचायतीच्या यादीत असूनही व्यवहारात तिच्या हाती नाही.

‘गाव तिथे एसटी’ बेटाला का लागू नाही?

महाराष्ट्राने वाहतुकीबाबत एक तत्त्व फार पूर्वी स्वीकारले आहे. तोट्यात चालणाऱ्या मार्गावरही एसटी जाते, कारण ती सेवा आहे, हे राज्याला मान्य आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास आहे. मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. या सवलती एसटीपुरत्या आहेत. ज्या गावात एसटी पोहोचूच शकत नाही, तेथील आजीला बोटीचे पूर्ण भाडे द्यावे लागते आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरल्यानंतरच तिची सवलत सुरू होते.

सवलत कोणी मुद्दाम नाकारलेली नाही. योजना आखताना ‘प्रवास म्हणजे रस्त्यावरचा प्रवास’ असे गृहीत धरले गेले. बेटांवर अन्याय होतो तो बहुतेक वेळा असाच, विसरून गेल्यामुळे.

सुरक्षिततेच्या चर्चेत रहिवासी कुठे?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि बोटींच्या प्रवासी क्षमतेवर भर देण्यात आला आणि ते आवश्यकच होते.

मात्र क्षमतेचा नियम काटेकोरपणे पाळला, तर गर्दीच्या दिवशी पर्यटक आणि रहिवासी यांच्यात जागेसाठी स्पर्धा होणार, हे उघड आहे. रहिवाशांसाठी काही जागा राखीव असाव्यात का, हा प्रश्न अशा वेळी ग्रामपंचायतच मांडू शकते. त्यासाठी तिला चर्चेच्या टेबलावर खुर्ची हवी.

गोव्यातील बेटांचा अनुभव काय?

गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी आणि चोडण ही बेटे फेरीबोटींवर अवलंबून आहेत. चोडणला मयेच्या बाजूने रस्ता तरी आहे, दिवाडीला पूल नाही. तेथे फेरीबोटी राज्य सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या अखत्यारीत आहेत आणि पायी प्रवास मोफत आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये दुचाकींना शुल्क लावण्याचा निर्णय पुढे आला, तेव्हा बेटांवरून तीव्र विरोध झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. जुलै २०२५मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी दाखल झाल्या.

यातून दोन गोष्टी दिसतात. सेवा सरकारची असेल, तर मतदाराला जाब विचारता येतो. पण आधी विचारले नाही, तर लोकांना निर्णय झाल्यानंतर रस्त्यावर उतरावे लागते.

स्कॉटलंडने काय केले?

बेटे आणि बोटी यांवरचा वाद कायद्यापर्यंत नेणारे ठळक उदाहरण स्कॉटलंडचे आहे. २०१३मध्ये ऑर्कनी, शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या तीन बेटसमूहांच्या कौन्सिलनी एकत्र येऊन अधिक अधिकारांसाठी मोहीम सुरू केली. त्या प्रवासातून २०१८चा बेटविषयक कायदा झाला. सरकारी धोरणाचा किंवा सेवेचा बेटांवर इतरांपेक्षा वेगळा परिणाम होण्याची शक्यता असेल, तर त्याचे मूल्यमापन करणे या कायद्याने संबंधित संस्थांवर बंधनकारक केले. भाड्यासाठीही तेथे वेगळे सूत्र आहे. तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल, त्याच्याशी फेरीभाडे जोडले जाते.

तरीही तेथे सारे आलबेल नाही. पश्चिम किनाऱ्यावरील मार्गांसाठी २०१५मध्ये ९.७ कोटी पौंडांत दोन नव्या बोटींचे कंत्राट दिले गेले. त्यातील ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवाशांच्या सेवेत आली ती जानेवारी २०२५मध्ये, अनेक वर्षे उशिरा आणि मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे मोजून. दरम्यान बोटी कमी पडल्याने जून २०२३मध्ये साउथ यूइस्ट बेटाची सेवा जवळपास महिनाभर रद्द झाली आणि शेकडो रहिवासी बंदरावर निदर्शनासाठी जमले. ऑर्कनी कौन्सिलकडे बेटांमधील फेरीसेवा स्वतःची आहे, पण जुन्या बोटी बदलण्याचा खर्च तिला एकटीला झेपणारा नाही. अधिकार मिळाले आणि निधी मिळाला नाही, तर काय होते, याचा हा धडा आहे.

अटल सेतूनंतर बोटींची गरज कमी झाली का?

१२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल सेवा यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. उरण तालुक्याच्या मुख्य भूभागाला त्याचा मोठा लाभ झाला. त्याच तालुक्यातील घारापुरीला मात्र आजही बोटच आहे. उलट रस्ता आणि रेल्वेकडे वळलेल्या प्रवाशांमुळे या भागातील बोटसेवा आक्रसली, तर त्याची झळ ज्यांना पर्याय नाही त्यांनाच बसेल.

आता काय करायला हवे?

मोजक्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. हाच प्रश्न विजेबाबतही होता. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीत वीज पोहोचली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर काढावे लागत. वीज हा हक्क मानला, तेव्हा खर्चाचा मार्ग निघाला. बोटीबाबतही प्रश्न अभियांत्रिकीचा नाही, प्राधान्याचा आहे.

ग्रामपंचायतीने बोटी चालवाव्यात, अशी अपेक्षा नाही. बोटींची तपासणी, खलाशांची पात्रता आणि परवाने ही तांत्रिक कामे सागरी मंडळाकडेच राहावीत. बोटमालकांनी रहिवाशांसाठी तोटा सोसावा, हेही न्याय्य नाही. मात्र चार गोष्टी शक्य आहेत. पहिली, पर्यटक असोत वा नसोत, आठवड्याचे सातही दिवस किमान फेऱ्यांचे लेखी वेळापत्रक आणि त्यातील तूट सरकारने भरणे. दुसरी, एसटीच्या सवलती बेटवासीयांच्या बोटभाड्याला लागू करणे. तिसरी, रात्रीच्या वैद्यकीय गरजेसाठी ठरलेली बोट आणि ती चालवणारी जबाबदार यंत्रणा. चौथी, वेळ, भाडे किंवा धक्का बदलण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घेणे आणि ते डावलले तर कारण लेखी देणे.

यातील चौथ्या गोष्टीला जवळपास पैसा लागत नाही. अकराव्या अनुसूचीतील १३वा विषय कागदावरून धक्क्यापर्यंत आणण्याची सुरुवात तेथून करता येईल. सोमवारी सकाळी घारापुरीच्या धक्क्यावर रहिवाशांसाठी एक बोट लागते का, ही त्याची पहिली कसोटी ठरावी.