वाफशाची वाट

रोहिणी सरतात आणि ७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो. यंदा नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, हे ओसरीवर पंचांग उघडून मोठ्याने वाचले जाते, मातीतून मखमली तांबडा मृगाचा किडा वर येतो आणि शहरातल्या चौथ्या मजल्यावर राहणारे आपणही पहिल्या सरीच्या वासाने क्षणभर हातातले काम विसरतो. पाडव्याला आपण गुढी उभारतो खरी, पण कुणबिकीचे वर्ष मृगालाच उजाडते.

या दिवसांतली ओढ मोठी अनावर असते. बियाणे घरात येऊन पडलेले, खताची पोती पडवीत, सोसायटीचे कर्ज डोक्यावर. त्यात एक सर दणकून कोसळते, शेजारच्या शिवारात तिफण चालू होते, आणि मग घरात बसवत नाही. पण वरची दोन बोटे भिजली म्हणजे जमीन भिजली असे नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. जुनी माणसे तेच एका शब्दात सांगत आली, वाफसा. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. तो पडताच भुगा झाला, तर पेरावे. चिखलासारखा थापला गेला, तर अजून थांबावे. इतका नेमका शब्द ज्या भाषेत आहे, तिला धीर शिकवावा लागू नये.

हे थांबणे रिकामे नसते. याच दिवसांत कुणी ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडते, गुंडाळी करून सावलीत ठेवते, पाणी शिंपडत राहते आणि आठवड्याने कोंब मोजते. ७० उगवले, तर एकरी ३० किलो बी पुरते. कमी उगवले, तर वाढवावे लागते. जिवावरचा डाव खेळण्याआधी केलेली ही मोजणी पाहिली, की आपल्या घाईघाईच्या निर्णयांची आपल्यालाच लाज वाटते.

आणि मग चाड्यावर मूठ धरली जाते. ती उघडली, की दाणा परत घेता येत नाही. पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी आली. पुन्हा बी, पुन्हा मजुरी, तीही पदरमोड करून. आपल्या ताटातल्या प्रत्येक घासामागे ही जोखीम आहे, पण ती आपण कधी वाटून घेतली नाही. भाव चढले की आपण बोलतो, पेरणी बुडते तेव्हा गप्प असतो. वेळेवर कर्ज, खात्रीचे बियाणे, हाती पडणारा पीक विमा यांना मेहेरबानी म्हणणे आता तरी सोडावे. ते जेवणाऱ्यांकडे थकलेले देणे आहे.

आपणही अशीच मूठ उघडून काम निवडतो, गाव निवडतो, माणूस निवडतो, आणि पहिल्याच उघडिपीत धुऱ्यापलीकडचे रान हिरवे दिसू लागते. कपाशीच्या शेतात अशा वेळी काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. उगवण होऊन आठ-दहा दिवस झाले, की घरची बाई ओच्यात सरकी घेऊन तासातासाने चालू लागते. याला म्हणतात नांग्या भरणे. जिथे रोप दिसत नाही तिथे ती वाकते, बोटाने माती उकरते, दोन दाणे टाकते, माती सारखी करते आणि पुढच्या नांगीकडे जाते.