मैदानाबाहेरून : पन्नास यार्डांतलं पहिलं वर्ष



इथला फुटबॉल कळायला आपल्यापैकी बहुतेकांना काही वर्षं जातात. नाव फुटबॉल, पण चेंडू सदान्‌कदा हातात! चार पावलं पळाले की खेळ थांबतो आणि पुन्हा सगळे घोळक्यात उभे. मुलं शाळेतून शिकून येतात आणि मग आपल्याला समजावतात. आज आम्ही याच खेळाच्या धाकट्या भावंडाची, छपराखालच्या अरीना फुटबॉलची, आणि त्यातल्या एका संघाच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगणार आहोत.

१९८१ साली जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहत होते. सॉकर जर छपराखाली खेळता येतो, तर फुटबॉल का नाही? जवळच्या खाकी पाकिटावर त्यांनी मैदानाचं चित्र काढलं. प्रत्यक्ष लीग सुरू व्हायला मात्र १९८७ साल उजाडलं, तेही अवघ्या चार संघांनिशी.

मैदान नेहमीच्या निम्मं, म्हणजे ५० यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद. अकराऐवजी आठ खेळाडू. गोलाचे खांब फक्त ९ फूट अंतरावर, बाजूला गाद्या लावलेल्या भिंती. खांबांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या ताणलेल्या. जाळीला लागून परत आलेला चेंडू मेलेला नाही, खेळ चालूच! चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळलेल्यांना हा नियम वेगळा समजवायला नको.

१९९५ साली फॉस्टर यांनी आयोवातल्या डी मॉईन शहरात स्वतःचा संघ उभा केला, आयोवा बार्नस्टॉर्मर्स. १९२०च्या दशकात गावोगाव विमानाच्या कसरती दाखवत फिरणाऱ्या वैमानिकांना बार्नस्टॉर्मर्स म्हणत, त्यावरून हे नाव. या नव्या संघात चेंडू फेकण्याची मुख्य जबाबदारी, म्हणजे क्वार्टरबॅकची जागा, कर्ट वॉर्नर नावाच्या तरुणाकडे आली.

वॉर्नर आयोवाचाच. कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत तो राखीव खेळाडूंतच होता. १९९४ साली ग्रीन बे पॅकर्सनी सराव शिबिराला बोलावलं आणि मोसम सुरू होण्याआधीच नारळ दिला. मग सीडर फॉल्सच्या हाय-व्ही या किराणा दुकानात त्यानं रात्रपाळी धरली. फळ्यांवर डबे लावायचे, तासाला साडेपाच डॉलर. तिथून तो बार्नस्टॉर्मर्सकडे आला.

पहिल्या मोसमात संघानं १२ पैकी ७ सामने जिंकले, ५ हरले आणि प्लेऑफ गाठली. अजिंक्यपद काही मिळालं नाही. पण त्या अरुंद मैदानात अंगावर धावून येणारे हातभर अंतरावर असतात. चेंडू कुणाकडे फेकायचा, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवावं लागतं. वॉर्नरनं तीन वर्षं तेच केलं. १९९६ आणि १९९७ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा हरला. पुढे सेंट लुईस रॅम्सनी वॉर्नरला घेतलं. १९९९ मध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला, म्हणून हा मैदानात उतरला. ३० जानेवारी २००० रोजी रॅम्सनी टेनेसी टायटन्सना २३-१६ असं हरवून सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वॉर्नर. २०१७ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

आता कुणी म्हणेल, असं लाखात एकाचं होतं. अगदी खरं आहे. त्या वर्षी त्याच्याबरोबर खेळलेल्या बहुतेकांना मोठ्या लीगचं दार कधी उघडलंच नाही. बार्नस्टॉर्मर्सचा तो संघही २००० च्या मोसमानंतर न्यू यॉर्कला गेला, आणि २०१९ साली लीगचं दिवाळं निघालं. म्हणून ‘कष्ट करा, यश मिळेल’ असा सुविचार आम्ही इथे लिहिणार नाही.

आम्हाला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. वॉर्नरची कहाणी जो सांगतो, तो त्या किराणा दुकानाची रात्रपाळी सांगतोच. ती कुणी लपवत नाही, खुद्द वॉर्नरही नाही.

आणि आपण? आपल्यातही तिकडची पदवी पेटीत ठेवून इथे गॅस स्टेशनवर उभे राहिलेले आहेत. दुकानात डबे लावता लावता परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास केलेले आहेत. तळघरातल्या एका खोलीत तीन कुटुंबांनी संसार केलेले आहेत. घरच्यांना फोन करताना ते वर्ष आपण हळूच गाळलं, कारण आईचा जीव खाली-वर झाला असता. पण मुलांनाही आपण ते सांगितलेलं नाही. त्यांना आपलं घर दिसतं, गाडी दिसते, आणि बाबा पहिल्यापासून असेच होते असं वाटतं. मग स्वतःचं पहिलं वर्ष कठीण गेलं की त्यांना ती आपलीच काहीतरी कमतरता वाटते, आणि मुलं गप्प होतात.

तेव्हा मंडळी, एक विनंती. इथल्या पहिल्या वर्षाबद्दल अर्धं पान लिहून पाठवा. नाव घालायचं की नाही, तुमची मर्जी. शुद्धलेखनाची काळजी नको, ते आम्ही पाहू. फक्त पाठवण्याआधी एकदा मुलांना वाचून दाखवा.

असो. पुढच्या अंकात भेटूच.