मातीचा पंचनामा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाला भिडली, सांगलीच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि पाणी ओसरताच तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक कागदांचे गठ्ठे काखोटीला मारून दारोदार फिरले. पडलेली भिंत त्यांनी मोजली, वाहून गेलेली म्हैस मोजली, कुजलेला ऊस गुंठ्यागुंठ्याने मोजला. हे त्यांनी करायलाच हवे होते आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या राज्ययंत्रणेला बुडालेल्या शेळीचा पंचनामा आठ दिवसांत करता येतो, जिच्या दप्तरात प्रत्येक बांधाची, विहिरीची आणि झाडाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेली आहे, जी सातबाऱ्यावरच्या एका चुकीच्या अक्षरासाठी शेतकऱ्याला वर्षभर हेलपाटे घालायला लावते, त्याच यंत्रणेने कुपवाडच्या औद्योगिक माळाच्या पोटात इतक्या दशकांत काय मुरले, किती खोल मुरले आणि कोणाच्या विहिरीकडे सरकले, याचा पंचनामा कधी मांडून लोकांसमोर ठेवला? मातीला मालक असतो, फिर्यादी नसतो.

या मातीचा स्वभाव सांगलीकरांना कोणी शिकवायला नको. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरील हरिपुरात याच मातीत पेवे खणून आमच्या वाडवडिलांनी हळद साठवली. खाली उतरवलेली हळद वर्षानुवर्षे किडीविना, बुरशीविना जशीच्या तशी राहायची, आणि त्या पेवांच्या भरवशावर सांगलीची हळदपेठ देशभर नावारूपाला आली. जी भूमी ठेव इतक्या इमानाने सांभाळते, ती विषाचीही ठेव तितक्याच इमानाने सांभाळणार. हळद आणि क्रोमियम यांत भेद करण्याची विद्या तिला अवगत नाही.

कुपवाडचा इतिहास थोडक्यातच सांगण्याजोगा आहे. उजाड माळ होता. औद्योगिक वसाहत आली. ओतकाम, यंत्रभाग, सूत, रसायने असे उद्योग उभे राहिले. हजारो हातांना काम मिळाले. १९९८ मध्ये सांगली आणि मिरजेबरोबर कुपवाडचीही मोट बांधून महापालिका झाली. नावात कुपवाड तिसरे, आणि विकासाच्या पंक्तीतही तिसरेच. भुयारी गटाराची योजना मंजूर होण्यासाठी या गावाला जवळपास पाव शतक ताटकळत बसावे लागले. तोवर घराचे काय, कारखान्याचे काय, सारे पाणी उताराने ओढ्यात आणि ओढ्यातून पुढे, ही व्यवस्था. ती कोणी ठरवली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल कोणाला जाबही विचारता आला नाही. इकडे महापुराच्या धास्तीने नदीकाठ सोडणारे लोक उंच माळाकडे वळले, गुंठेवारीचे तुकडे पडले, शेडच्या भिंतीला भिंत लावून घरे उठली, आणि घराच्या मागे, मुलांच्या खेळण्याच्या जागेत, पिण्यासाठी म्हणून बोअर मारली गेली. त्या बोअरचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे जिभेने ठरवायचे!

आम्ही कोणत्याही एका कारखान्याकडे बोट दाखवीत नाही. परंतु उद्योग कसा चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. फौंड्रीतून रेझिन जळालेली काळी वाळू निघते, आणि ती खड्डे बुजवायला फुकट मिळते म्हणून हवीहवीशी वाटते. प्लेटिंगच्या हौदातून क्रोमियम, निकेल आणि आम्ल निघते. रंगाईच्या पाण्याला रंग असतो म्हणून निदान ते दिसते तरी. क्रोमियमचे काही क्षार मात्र पाण्यात असे विरघळतात की पाण्याबरोबर कोसभर प्रवास करूनही कोणाला पत्ता लागू देत नाहीत. त्यात आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ. या भेगांतून पाणी सरळ रेषेत जात नाही. शेजारची विहीर कोरडी राहते आणि दोन शेते ओलांडून तिसरीला झरा लागतो, हे कोणताही जुना पाणाड्या सांगेल. म्हणजेच कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या एका बोअरमधून पाण्याची एक बाटली भरून ‘सर्व काही ठीक’ असा अहवाल देणे, हे शास्त्र नव्हे. ती धूळफेक आहे.

आणि आता तर ‘कायदाच नव्हता’ ही सबबही उरलेली नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले. संशयित दूषित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने तयार करायचा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढील तीन महिन्यांत सखोल सर्वेक्षण करून १८९ घातक रसायनांपैकी कोणते किती भरले ते पाहायचे, दोषी शोधायचा, आणि साफसफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, तो दिवाळखोर किंवा बेपत्ता असेल तर केंद्र आणि राज्याने तो उचलायचा. शब्द नीट वाचा: ‘संशयित’. दोष सिद्ध झालेला असण्याची अट यादीसाठी नाही. रास्त संशय पुरेसा आहे. ज्या माळावर कित्येक दशके रसायन, धातू आणि तेल हाताळले गेले, जिथे गटार नव्हते, जिथे कारखाने उघडले, बुडाले, लिलावात निघाले आणि हात बदलत गेले, त्या माळाविषयी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना साधा संशयसुद्धा येत नसेल, तर तो त्यांच्या निष्पाप मनाचा पुरावा म्हणावा की झोपेचा?

नियम निर्दोष आहेत असे मात्र कोणी समजू नये. एकदा जागा दूषित ठरली की ती अमुक वर्षांत स्वच्छ झालीच पाहिजे, अशी मुदत त्यांत नाही. हे नियम आले त्या वेळी देशभरात १०३ दूषित जागा निश्चित झालेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती सात ठिकाणी. शिवाय घनकचऱ्याचे ढिगारे या नियमांतून वगळलेले. तेव्हा समडोळी रस्ता आणि बेडग रस्ता येथील कचरा डेपोंशेजारच्या रहिवाशांनी आपले नाक वेगळ्या कायद्याकडे घेऊन जावे. किरणोत्सारी कचराही वगळलेला. त्याचा आणि कुपवाडचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

अमेरिकेतील युटा राज्यात कोलोरॅडो नदीच्या काठी मोॲब नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९५६ पासून १९८४ पर्यंत युरेनियमची गिरणी चालली. दगड दळायचा, आम्लाने युरेनियम वेगळे काढायचे आणि उरलेला गाळ नदीकाठी टाकायचा, असा तिचा क्रम. गिरणी बंद पडली तेव्हा काठावर १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळाचा, १३० एकर व्यापणारा डोंगर उभा होता, आणि त्यातून अमोनिया आणि युरेनियम झिरपत नदीच्या दिशेने निघाले होते. कंपनीचे म्हणणे सोपे होते: वर माती टाकू, झाकू, संपले. तिकडच्या नियामक आयोगालाही प्रथम हे मान्य होते. १९९८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. पुढे ही जागा अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याच्या गळ्यात पडली, आणि मग झाला तो पर्यावरणीय आढावा, ज्यासाठी आम्ही हा प्रसंग सांगत आहोत. गाळ जागेवरच झाकावा की हलवावा, हलवावा तर तीनपैकी कुठे, प्रत्येक पर्यायाचा खर्च किती, पूर आला तर काय, नदीने पात्र बदलले तर काय, हे सारे छापून लोकांपुढे ठेवले गेले. नदीच्या खालच्या अंगाला राहणारे लोक बोलले. ज्या मूळनिवासी वस्तीजवळ गाळ नेण्याचा एक पर्याय होता, ती वस्तीही बोलली. अखेर २००५ मध्ये निर्णय झाला: झाकायचे नाही, उचलायचे. ४८ किलोमीटरवरच्या कोरड्या जागी नेण्यासाठी एप्रिल २००९ पासून रेल्वेगाड्या सुटू लागल्या आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ त्या सुटतच राहिल्या.

अमेरिकेचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. ज्या देशाने तो डोंगर नदीकाठी उभा राहू दिला, त्याचे कौतुक ते कसले? परंतु सफाईच्या आधी आढावा, आढाव्याच्या आधी मोजणी, आणि मोजणीचे आकडे ज्यांनी ते पाणी प्यायचे त्यांच्या हातात, एवढा क्रम तरी तिथे पाळला गेला. आपल्याकडे झारखंडातील जादुगुडा येथे १९६० च्या दशकापासून युरेनियमचा दगड दळला जातो आणि गाळाची तळी गावांच्या कुशीत आहेत. २४ डिसेंबर २००६ रोजी त्या गाळाची वाहिनी फुटली आणि गाळ ओढ्यात उतरला. अशा कचऱ्याला सरकारने दूषित स्थळांच्या नियमांतून वगळले आणि त्यासाठी अणुऊर्जेच्या स्वतंत्र, बंद दारांच्या व्यवस्थेकडे बोट दाखवले. सर्वांत भयंकर विषासाठी सर्वांत जाड पडदा! आणि एकदा पडद्याची सवय लागली की तो अणूपुरता राहत नाही. तो प्लेटिंगच्या हौदापर्यंत, ओढ्याच्या मोरीपर्यंत, कुपवाडच्या बोअरपर्यंत येऊन पोहोचतो.

उशिराची किंमत काय असते, तेही या देशाने पाहिले आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-ॲसिड नावाचे रसायन बनू लागले आणि त्याचा विषारी गाळ उघड्यावर पडला. विहिरींचे पाणी गडद तपकिरी झाले, गावकऱ्यांवर स्थलांतराची वेळ आली. आपल्याच नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने त्या जमिनीचा अभ्यास केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व ठणकावून सांगितले. आणि पुढे? कंपनीने अर्जांवर अर्ज टाकून पंधरा वर्षे काढली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाला ३७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. भोपाळचे तर बोलायलाच नको. १९८४ च्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलला आणि त्या वर्षाच्या मध्यावर जाळून संपला. चाळीस वर्षे! त्या काळात आवारात जन्मलेले गवत म्हातारे झाले, आणि जमिनीत मुरलेले विष तसेच राहिले.

आता स्वतःकडे पाहू. मिरज आणि तासगावचा द्राक्षबागायतदार युरोपला माल धाडतो तेव्हा त्याच्या घडातील औषधाचा अंश दहा कोटींत एक भाग इतक्या बारकाईने तपासला जातो. २०१० मध्ये एका वाढरोधकाच्या अंशापायी निर्यात अडली आणि महाराष्ट्रातील कितीतरी बागायतदारांचे कंबरडे मोडले. परक्या देशातील ग्राहकाच्या पोटासाठी आम्ही घड तपासतो, आणि ज्या पाण्यावर आमची मुले वाढतात ते तपासायला आम्हाला सवड नाही. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. चार दिवस हळहळ झाली, नेत्यांनी काठावर उभे राहून छायाचित्रे काढून घेतली, पाचव्या दिवशी तेच नेते कृष्णामाईच्या ओटीला नारळ घेऊन हजर. शेरी नाल्याचे सांडपाणी धुळगावकडे वळवण्याची योजना किती निवडणुका पुरली, याचा हिशेब सांगलीकरांनी मांडावा. उद्योजक म्हणतात, चौकशीने उद्योग पळेल. जमिनीचे दलाल म्हणतात, यादीत नाव आले तर भाव पडेल. आणि आम्ही वृत्तपत्रवाले? दिवाळीत त्याच वसाहतीच्या पूर्ण पानी शुभेच्छा छापतो. ही कबुली न देता हा अग्रलेख लिहिणे म्हणजे ढोंगात आणखी एका ढोंगाची भर.

भाव पडेल म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. ज्या गुंठ्याखाली काय आहे ते न सांगता तुम्ही तो एखाद्या सूतगिरणी कामगाराला त्याच्या आयुष्यभराच्या पुंजीत विकता, त्या गुंठ्याचा भाव खरा आहे काय? तो भाव नव्हे, ती चोरी आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. सांगलीच्या जिल्हा प्रशासनाने संशयित जागांच्या सहामाही अहवालात कुपवाड औद्योगिक वसाहत आणि तिच्या उताराला लागून असलेली गावे घ्यावीत. बंद पडलेल्या प्रत्येक शेडचा सर्व्हे नंबर, तिथे काय बनत होते आणि काय साठवले होते, हे त्यात असावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका बाटलीवर न भागवता पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, विहिरी आणि बोअर दोन्हींचे नमुने घ्यावेत. माती खणून पाहावी. आकडे मराठीत छापावेत. महापालिकेने, ज्या जागेची तपासणी झालेली नाही, त्या जुन्या औद्योगिक जागेवर घरबांधणीला परवानगी देऊ नये. आणि कोणी ट्रॉलीभर मुरूम टाकून ‘जागा साफ केली’ म्हणू लागला, तर तो मुरूम उकरून खाली काय दडवले ते पाहावे. ही यादी कोण्या संगणकाच्या पोटात न ठेवता कुपवाडच्या महापालिका कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवावी, जिथे घरपट्टी भरायला आलेला माणूस रांगेत उभा राहून ती वाचू शकेल आणि आपल्या घराचा नंबर त्यात आहे का, ते बोट फिरवून शोधू शकेल.