तुरुंगाच्या भिंती आणि आजार

तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत. त्यामुळे कोंदट बराकींतल्या क्षयाची आणि खरजेची जबाबदारी दिल्लीवर ढकलून महाराष्ट्राच्या आमदारांना मोकळे होता येणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही. अनेकजण केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत आहेत. दाटीवाटीत खोकणारा माणूस उद्या सुटून घरी, चाळीत, वस्तीत परततो आणि आजारही त्याच्यासोबत येतो.

उपाय कायद्यातच आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर तो सुटकेस पात्र ठरतो. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी याला अपवाद आहेत. न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम तुरुंग अधीक्षकाचे आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने राज्यातील किमान एका तुरुंगात मनोरुग्णांसाठी उपचार केंद्र बंधनकारक केले आहे.

आमदारांनी येत्या अधिवेशनात तीन गोष्टी मागाव्यात: पात्र कच्च्या कैद्यांचा जिल्हावार हिशेब, तुरुंगांतील डॉक्टरांची रिक्त पदे भरण्याची मुदत आणि प्रवेशावेळी प्रत्येकाची क्षयतपासणी. कैद्याला मत देता येत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी सभागृहात कुणीतरी उभे राहिले पाहिजे.