गुन्हेगार आधीच ठरलेला नको

रिडली स्कॉटच्या १९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ सिनेमावरून अमेरिकेतल्या वेस्टवूड स्टुडिओजने १९९७मध्ये त्याच नावाचा कॉम्प्युटर गेम काढला. दिसायला तो चारचौघांसारखा पॉइंट-अँड-क्लिक गेम होता. जागेवर क्लिक केलं की नायक तिथं जातो, माणसावर केलं की बोलतो, वस्तूवर केलं की ती उचलतो. शहर लॉस एंजेलिस, काळ २०१९चा नोव्हेंबर, न थांबणारा पाऊस, निऑनचे दिवे आणि रे मॅकॉय नावाचा नवखा डिटेक्टिव्ह. माणसांत मिसळून राहणारे ‘रेप्लिकंट’, म्हणजे हुबेहूब माणसासारखे घडवलेले कृत्रिम जीव, हुडकून संपवणं हे त्याचं काम. इथवर नवल काही नाही. नवल आहे ते पुढे. काही पात्रं माणसं आहेत की रेप्लिकंट, हे नवा डाव सुरू करताना प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. काल जी मुलगी रेप्लिकंट निघाली ती आज माणूस असू शकते. न्वार वळणाच्या, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी कथांच्या पठडीतल्या, गेमने नेमकं हेच करायला हवं होतं, असं माझं मत आहे. आणि त्यानंतरच्या पाव शतकात बहुतेक गेमकर्त्यांनी या कल्पनेकडे पाठ फिरवली, ही त्या प्रकाराची मोठी हानी आहे.

न्वारची ओळख लोक सहसा पोशाखावरून ठेवतात. हॅट, सिगारेटचा धूर, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली, कथकाचा थकलेला आवाज. हॉलिवूडने चाळीसच्या दशकात हा सरंजाम उभा केला आणि आपल्याकडे गुरुदत्तच्या ‘बाजी’पासून (१९५१) मुंबईच्या सिनेमाने तो उचलला. पण त्याखाली एक वेगळा करार असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या किंवा शेरलॉक होम्सच्या रहस्यकथा वाचणाऱ्याला एक भरवसा दिलेला असतो: सत्य एकच आहे, ते कुणाला तरी ठाऊक आहे आणि शेवटच्या पानांत ते आपल्यालाही कळणार. न्वार हा भरवसा काढून घेतो. तिथला डिटेक्टिव्ह अपुऱ्या माहितीवर चालतो, ज्याच्यावर विश्वास टाकतो तोच त्याला विकतो, आणि गुन्हा उकलला तरी त्याच्या हाताला काही लागत नाही. ‘कुणी केलं?’ यापेक्षा ‘नीट ठाऊक नसताना तू काय केलंस?’ हा प्रश्न तिथे मोठा असतो.

आता पॉइंट-अँड-क्लिक प्रकाराची घडण बघा. न्वारचं आणि त्याचं नातं जुनं आहे. मॅकिंटॉशवर १९८५ साली आलेला ‘देजा व्हू’ हा या प्रकारातला अगदी सुरुवातीचा गेम. १९४१चं शिकागो, आणि एका स्वच्छतागृहात शुद्धीवर आलेला, स्वतःचं नावही विसरलेला डिटेक्टिव्ह. वातावरण अस्सल. मात्र यंत्रणा कुलूप-किल्लीची: गेमकर्त्याने एक उत्तर लपवायचं, खेळाडूने ते शोधायचं, ते सापडेपर्यंत कथा अडून राहणार. या पद्धतीचा कडेलोट म्हणून ‘गेब्रियल नाइट ३’मधल्या (१९९९) मिशांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. मोटरसायकल भाड्याने मिळावी म्हणून नायकाला दुसऱ्याच माणसाचं सोंग घ्यायचं असतं, त्यासाठी मांजराचे केस मेपलच्या पाकाने ओठावर चिकटवायचे असतात, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशाच नाहीत, म्हणून त्याच्या पासपोर्टवरही मिशी काढायची असते! यावर पुष्कळ हसून झालं आहे. तरी माझ्या लेखी खोट त्या विक्षिप्तपणात नाही. कोडं कितीही शहाणपणाचं केलं, तरी जिथे उत्तर एकच आणि चुकण्याची किंमत शून्य, तिथे खेळाडू संशयात पडत नाही. तो फक्त अडकतो.

‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) या गेमवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत आणि ते योग्यच आहे. टिम शेफरने मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाची कल्पना आणि जुने न्वार सिनेमे एकत्र आणून मृतात्म्यांची एक नगरी रचली. तिथे मॅनी कॅलाव्हेरा हा सांगाडा प्रवासाची पॅकेजं विकतो आणि भ्रष्टाचाराच्या जाळ्यात ओढला जातो. संवाद झकास, संगीत त्याहून झकास. पण या गेममध्ये मॅनीच्या हातून खेळाडूला एकही चुकीचा निर्णय घेता येत नाही. मॅनी पस्तावतो, फसतो, प्रेमात पडतो, आणि आपण शेजारी बसून कुलपं उघडत राहतो. न्वार तिथे पडद्यावर आहे, खेळण्यात नाही. इतक्या सुंदर गेमबद्दल हे लिहिणं अनेकांना खटकेल, पण उत्तम पाहण्यासारखं आणि उत्तम खेळण्यासारखं यांत फरक करायलाच हवा.

‘ब्लेड रनर’मध्ये ल्यूसी नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. खरे प्राणी जिथे दुर्मिळ झाले आहेत अशा जगात ती प्राण्यांच्या दुकानात कामाला असते. त्या दुकानातले प्राणी कुणीतरी मारून टाकतं आणि मॅकॉयची पहिली केस सुरू होते. पुरावे हळूहळू ल्यूसीकडे बोट दाखवू लागतात. मॅकॉयजवळ साधनं भरपूर आहेत: फोटोच्या आत शिरून कोपरे धुंडाळणारं यंत्र, पुरावे नोंदवून ठेवणारी वही, आणि माणूस की रेप्लिकंट हे ताडणारी प्रश्नोत्तरांची चाचणी, जिच्यात प्रश्न किती तिखट विचारायचे हे खेळाडूच ठरवतो. पुढे ल्यूसी पळते तेव्हा बंदूक काढायची की तिला जाऊ द्यायचं, हेही त्यालाच ठरवावं लागतं. गेम थांबून ‘अ की ब?’ असं विचारत नाही. गोळी न झाडणं हाही निर्णय म्हणून मोजला जातो. अशा निर्णयांतून कथा वेगवेगळ्या शेवटांकडे जाते. काहींत मॅकॉय इमानी पोलिस राहतो, काहींत रेप्लिकंटांसोबत पळून जातो, आणि तो स्वतः तरी माणूस आहे का, हा संशयही मध्येच डोकं वर काढतो.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. ल्यूसी माणूसही असू शकते आणि रेप्लिकंटही, तर मग ती नक्की कोण? पात्राचं मूळच लेखकाने नशिबावर सोडलं, तर त्याने आपली जबाबदारी झटकली, असं कुणी म्हणेल. एरवी मी हा आक्षेप मान्य केला असता. दुसऱ्या एखाद्या कथेत असा फासा टाकला तर पात्रं पोकळ होतील. पण ज्या कादंबरीतून हे सगळं उगवलं, ती फिलिप के. डिकची १९६८ सालची कादंबरी हाच पेच मांडते: वागण्यात, भीतीत, जगण्याच्या धडपडीत फरक दिसत नसेल, तर माणूस कुणाला म्हणायचं? ल्यूसीची भीती दोन्ही डावांत तितकीच खरी वाटते. ती अशी लिहिणं एकाच उत्तरासाठी लिहिण्यापेक्षा अवघड आहे, सोपं नाही. लेखकाने ठरवायचं सोडलं ते तिच्या रक्ताबद्दल. तिच्या स्वभावाबद्दल काहीही सोडलेलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. सत्य पक्कं ठेवूनही खेळाडूला न्वारचा चटका देता येतो, आणि पुरावा म्हणून ‘एल.ए. न्वार’ (२०११) हा गेम पुढे केला जातो. तो पॉइंट-अँड-क्लिक नाही, पण तपासाचाच आहे. १९४७च्या लॉस एंजेलिसमध्ये खेळाडू एकामागून एक खुनांत संशयितांवर आरोप ठेवतो आणि पुढे कळतं, की ती सगळी माणसं निर्दोष होती, खुनी भलताच होता. धक्का जबर बसतो, हे खरं. तरी तो धक्का कुणी दिला ते तपासा. समोर उभे केलेले दोन्ही संशयित निर्दोष असतील तर खेळाडूच्या निवडीला अर्थच उरत नाही. गेमने त्याला निवडीचं फक्त सोंग करायला लावलं. अपराधीपणा वाटायला हवा तिथे फसवलं गेल्याचा राग येतो. मॅकॉयच्या हातून चूक होते तेव्हा बरोबर वागण्याची वाटही उघडी असते, म्हणून ती चूक खेळाडूची ठरते.

वॉकथ्रूच्या, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं देणाऱ्या मार्गदर्शिकांच्या, काळात तर या मुद्द्याला धार येते. कुलूप-किल्लीचा गेम अडला की लोक दोन मिनिटांत उत्तर शोधतात, आणि मग उरतो तो क्लिक करत पाहायचा एक संथ सिनेमा. ल्यूसीबद्दल मात्र वॉकथ्रू इतकंच सांगू शकतो, की ती रेप्लिकंट असेल किंवा नसेल. लोकांना उत्तर हवं असतं, अनिश्चितता कोण विकत घेतो, असं धंदेवाईक मंडळी म्हणतात. त्यांना या गेमचं उत्तरायुष्य दाखवावं. मूळ सोर्स कोड हरवलेला होता. स्कमव्हीएम या प्रकल्पातल्या हौशी प्रोग्रॅमरांनी तयार गेमच उलगडत, उलट्या दिशेने त्याची यंत्रणा पुन्हा बांधली आणि २०१९मध्ये, म्हणजे कथानकातल्याच वर्षी, तो आजच्या संगणकांवर चालू लागला. नंतर २०२२मध्ये निघालेली ‘सुधारित’ आवृत्ती इतकी नावडली, की जुनी आवृत्तीही विक्रीला ठेवावी लागली.

राहतो खर्चाचा प्रश्न. एकच प्रसंग दोन-तीन तऱ्हांनी लिहायचा, त्याचे आवाज नोंदवायचे, आणि त्यातला बराच भाग अनेक खेळाडूंना दिसणारच नाही, हे वेस्टवूडसारख्या मोठ्या स्टुडिओला परवडत होतं, असं सांगितलं जातं. १९९७पुरतं ते खरं असेल. पण ‘जेमिनी रू’ (२०११) हा पावसाने ओथंबलेला न्वार गेम जोशुआ न्यूर्नबर्गरने विद्यार्थिदशेत, ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ या फुकट मिळणाऱ्या साधनावर घडवला. २०१८च्या ‘लॅम्पलाइट सिटी’त खेळाडू चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवू शकतो, आणि कथा त्याला परत मागे न पाठवता ती चूक गळ्यात घेऊन पुढे चालते. तोही कुठल्या बलाढ्य कंपनीचा गेम नाही. चित्रं जुन्या पद्धतीची ठिपक्याठिपक्यांची असली तरी या प्रकाराच्या चाहत्यांची हरकत नसते, त्यामुळे खर्च मुख्यतः लेखनावर येतो. तेव्हा अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे: शेवटचं पान आपल्या मुठीत ठेवायची लेखकाची जुनी सवय.